न दुखणारी सूज : जबड्यातल्या पाण्याच्या गाठींविषयी

आमच्या अड्याळ भागात गाल सुजलेला माणूस दिसला की लोक दोनच प्रश्न विचारतात. दाढ दुखते का? आणि खर्रा किती वर्षांपासून चालू आहे? पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले तर लवंग, कोमट मिठाचे पाणी आणि मेडिकलमधली गोळी. दुसऱ्याचे उत्तर ‘दहा-बारा वर्षे’ आले तर विचारणारा गप्प होतो आणि घरातली बाई पदर तोंडाला लावते. या दोन प्रश्नांच्या मधून एक मोठा वर्ग निसटून जातो. त्याची दाढ दुखत नाही, त्याने खर्र्याला कधी हात लावलेला नाही, आणि तरीही त्याचा जबडा एका बाजूने हळूहळू भरत चाललेला असतो. त्यात शाळकरी मुले असतात, लग्नाला आलेल्या मुली असतात. सूज दुखत नाही म्हणून कोणी दाखवत नाही. आणि दाखवायची वेळ येते तेव्हा कर्करोगच असणार या भीतीने पुन्हा दाखवत नाहीत.

अशा सुजेमागे अनेकदा जबड्याच्या हाडात वाढलेली पाण्याची गाठ असते. डॉक्टर तिला सिस्ट म्हणतात. मी डॉक्टर नाही. २०१२ मध्ये नात्यातल्या एका मुलाच्या रिपोर्टवरचे शब्द समजून घ्यायला म्हणून वाचू लागलो आणि मग थांबलो नाही. या विषयातले पायाचे पुस्तक जोहान्सबर्गचे मर्विन शियर यांचे. त्याची पहिली आवृत्ती १९७६ मध्ये निघाली. नंतरच्या आवृत्त्यांत बरेच बदलले, पण एखादा आजार आधी नीट पाहावा, मग त्याला नाव द्यावे, ही त्यांची शिस्त कायम राहिली. पुढचे लिखाण त्या शिस्तीच्या आधाराने केले आहे.

सिस्ट म्हणजे काय, हे आधी ठरवून घेऊ. द्रवाने, लगद्याने किंवा वायूने भरलेली, पण पू साचल्यामुळे तयार न झालेली पोकळी म्हणजे सिस्ट. पू साचून झालेली पोकळी म्हणजे गळू, आणि गळवाचा स्वभाव वेगळा. ते ठणकते, ताप आणते, चार दिवसांत माणसाला दवाखान्यात नेते. सिस्ट वर्षानुवर्षे गप्प बसते. बहुतेक सिस्टांना आतून पेशींचे पातळ अस्तर असते, आणि या लेखात ज्या अस्तराचा उल्लेख वारंवार येणार आहे ते हेच.

शरीरात एवढी हाडे असताना अस्तर असलेल्या गाठी जबड्यातच का व्हाव्यात? मांडीचे हाड केवढे मोठे, पण त्यात अशी गाठ सहसा होत नाही. याचे उत्तर दातांच्या जन्मात आहे. गर्भ सहा-सात आठवड्यांचा असताना तोंडाच्या आतल्या आवरणाची एक पट्टी जबड्यात खोल उतरते. तिच्यावर कळ्या धरतात, आणि प्रत्येक कळीतून एक दात घडतो. दात घडला की त्या पट्टीचे काम संपते आणि ती विरून जाते. पण पूर्ण विरत नाही. तिचे बारीक बारीक पुंजके हिरडीत, हाडात, दातांच्या मुळांभोवती पडून राहतात. मुळांभोवतीच्या पुंजक्यांचे वर्णन फ्रान्सच्या लुई मालासे यांनी १८८५ मध्ये केले, आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

धानाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. कापणी होते, भारे खळ्यावर जातात, तरी बांधीत दाणे सांडलेले राहतातच. ते कोणाच्या लक्षात येत नाहीत. पुढे अवेळी ओल मिळाली की त्यांतला एखादा नको तिथे उगवतो. जबड्यातले पुंजके हे असेच सांडलेले दाणे आहेत. ते आपल्या प्रत्येकाच्या जबड्यात असतात आणि बहुतेकांच्या जबड्यात आयुष्यभर निजून राहतात. ओल कशाची मिळाली आणि दाणा कोणत्या जागचा होता, यावरून गाठीचा प्रकार ठरतो.

एकदा पुंजका वाढू लागला की पुढचे काम बऱ्याच अंशी पाणीच करते. गोळ्याच्या मधल्या पेशींपर्यंत पोषण पोचत नाही. त्या मरतात, विरघळतात, आणि आतला द्रव भोवतालच्या द्रवापेक्षा दाट होतो. मग बाहेरचे पाणी आत ओढले जाते, मनुका पाण्यात टाकल्यावर फुगतात तसे. आतून दाब वाढतो आणि गाठीच्या भिंतीतून सुटणारी रसायने लगतचे हाड विरघळवत जातात. हे इतक्या संथपणे चालते की हाडावरचे आवरण बाहेरच्या बाजूने नव्या हाडाचा थर चढवत राहते. म्हणून सूज पहिल्यांदा बोटाला टणक लागते. पुढे थर पातळ होतो, दाबला की अंड्याच्या कवचासारखा कुरकुरतो. त्यानंतर हाड उरतच नाही, आणि हिरडीखाली निळसर, मऊ, पाण्याने भरलेला फुगवटा हाताला लागतो. खालच्या जबड्यातून जाणारी संवेदनेची नस या सगळ्यात सावकाश बाजूला सरकवली जाते, तुटत नाही. म्हणून दुखत नाही आणि ओठही बधिर होत नाही. गाठीत जंतू शिरले तरच दुखायला लागते, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी पहिल्यांदा दवाखान्यात येतो.

आता प्रकार. पुस्तकांत वीस-पंचवीस नावे सापडतात. सगळी सांगत बसण्यात अर्थ नाही. तीन नावे नीट कळली तरी बहुतेक रुग्णांचे निदान त्यांत येते.

सर्वांत जास्त आढळते ती मेलेल्या दाताच्या मुळाशी होणारी गाठ, रॅडिक्युलर सिस्ट. जबड्यातल्या सिस्टांपैकी निम्म्याहून अधिक या प्रकारच्या. दात किडतो, कीड आतल्या नसेपर्यंत जाते, नस मरते, आणि मुळाच्या टोकाशी जंतूंची धग लागून राहते. ती धग म्हणजे मालासेच्या पुंजक्यांना मिळालेली ओल. वरच्या पटाशीच्या दातांत ही गाठ विशेष दिसते, आणि तिथे नेहमी कीडच कारण असते असे नाही. लहानपणी सायकलवरून पडून दात आपटतो, चार दिवस दुखतो, राहतो. पण आत नस मेलेली असते. वर्षे जातात, दात काळपट पडतो आणि ते पडणे सगळे विसरून जातात. असा एकटाच काळवंडलेला पुढचा दात दिसला तर त्याचा छोटा एक्सरे काढून घ्यावा. त्याला फारसा खर्च येत नाही. गाठ लहान असेल तर दाताची नस साफ करून भरल्यावर, म्हणजे रूट कॅनाल केल्यावर, ती बऱ्याचदा आपोआप भरून येते. ‘दात काढून टाका, झंझट नको’ हा आपल्याकडचा लाडका उपायही इथे अर्धाच उपयोगी. दात निघतो, पण गाठीचे अस्तर आत राहिले तर दात नसलेल्या जागी गाठ वाढत राहते. कवळी बसेनाशी झाली म्हणून आलेल्या म्हाताऱ्या माणसांत अशी मागे उरलेली गाठ सापडते.

दुसरी गाठ न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती होते. तिला डेंटिजेरस सिस्ट म्हणतात. जबड्यातल्या सिस्टांत साधारण पाचांतली एक. दात हाडात अडकून राहतो, बहुधा खालची अक्कलदाढ किंवा वरचा सुळा, आणि त्याच्या माथ्याभोवतीच्या पिशवीत पाणी साचत जाते. एक्सरेवर चित्र इतके बोलके असते की एकदा पाहिलेला विसरत नाही : काळ्या गोलात अडकलेला पांढरा दात, आणि गोलाची कड दाताच्या मानेशी बरोबर जुळलेली. ही तरुणांची गाठ आहे, दहा ते तीस वयातली. घरच्यांना जमेल अशी तिची खूण एकच, दात मोजणे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या एका बाजूला सुळा आलेला आहे, दुसऱ्या बाजूला नाही, कधी काढलेलाही नाही, तर तो दात कुठे तरी असला पाहिजे. लहान मुलांच्या हिरडीवर दात येण्याआधी निळसर फोड दिसतो, तो याच जातीचा पण निरुपद्रवी. दात वर आला की तो आपोआप फुटतो. त्याला सुई लावू नये.

न आलेल्या दातावरून एक प्रसिद्ध उदाहरण आठवते. २०१४ च्या जुलैमध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या खालच्या जबड्यातून २३२ दात काढल्याची बातमी जगभर छापून आली. ते पूर्ण दात नव्हते, दातांचे बारीक-मोठे तुकडे होते, आणि मधला कठीण गोळा फोडायला छिन्नी-हातोडी वापरावी लागली. हा आजार सिस्ट नव्हे. त्याला ओडोंटोमा म्हणतात, दात घडवणाऱ्या पेशींचाच तो भरकटलेला कारभार. बातमीत २३२ या आकड्याचे कौतुक झाले. मला त्यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटला : सूज दिसू लागल्यापासून मुंबईला पोचेपर्यंत सुमारे दीड वर्ष गेले होते. बुलढाण्याच्या जागी भंडारा लिहिले तरी बातमी बदलली नसती.

तिसरी गाठ दहातली एक, पण तिच्यावर लिहिलेली पाने बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त. डेन्मार्कच्या फिलिप्सन यांनी १९५६ मध्ये तिला वेगळे काढून केराटोसिस्ट हे नाव दिले. ती मूळ पट्टीच्या उरलेल्या पुंजक्यांतून येते आणि बहुधा खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात असते. बाकीच्या गाठी फुगतात. ही हाडाच्या पोकळीतून लांबीने पसरते. जबडा बाहेरून फारसा सुजतही नाही आणि आतून अर्धा पोखरला गेलेला असतो. आत पाण्याऐवजी दह्याच्या चक्क्यासारखा पांढरा लगदा सापडतो. तो केराटिन, आपल्या नखांत आणि केसांत असते तेच द्रव्य. सुईने काढलेल्या द्रवात प्रथिने शंभर मिलिलिटरला चार ग्रॅमपेक्षा कमी भरली तर डॉक्टरांना केराटोसिस्टचा संशय येतो. खात्री मात्र सूक्ष्मदर्शकाखाली होते. तिचे अस्तर सहा ते आठ पेशींच्या जाडीचे, आणि तळाच्या पेशी कुंपणाच्या खुंटांसारख्या ओळीने उभ्या.

तिच्यावर इतके का लिहिले गेले? कारण ती परत येते. अस्तर ओल्या कागदासारखे पातळ, काढताना फाटते. त्याच्या भिंतीत मुख्य गाठीची पिल्ले असतात. एक तुकडा मागे राहिला की पुन्हा तेच. किती जणांत परत येते याचे आकडे काही टक्क्यांपासून साठ टक्क्यांपर्यंत दिलेले आढळतात, आणि हा फरक मुख्यतः ती कशी काढली यावर आणि रुग्णावर किती वर्षे लक्ष ठेवले यावर अवलंबून असतो. तिचा हा हट्टी स्वभाव पाहून जागतिक आरोग्य संघटनेने २००५ च्या वर्गीकरणात तिला गाठीतून उचलून अर्बुदांत टाकले, आणि नाव केले ‘केराटोसिस्टिक ओडोंटोजेनिक ट्यूमर’. २०१७ च्या वर्गीकरणात पुन्हा तिला सिस्ट ठरवले. तज्ज्ञांच्या सभेत हा नामकरणाचा वाद असेल. ज्यांच्या घरात त्या बारा वर्षांतला रिपोर्ट आला त्यांना काय झाले ते मी पाहिले आहे.

वर ज्या मुलाचा उल्लेख केला तो माझ्या चुलतभावाचा मुलगा. २००६ मध्ये तो सोळा वर्षांचा होता. अक्कलदाढेजवळची गाठ म्हणून एका शहरात त्याचे ऑपरेशन झाले. गाठ काढली, टाके घातले, चौथ्या दिवशी घरी पाठवले. काढलेली गाठ तपासायला पाठवली नव्हती. कागदावर ‘सिस्ट काढली’ एवढेच, पुन्हा दाखवायला या असेही कुठे नाही. सहा वर्षांनी तोच जबडा पुन्हा भरला. दुसऱ्या ठिकाणी तुकडा तपासला तेव्हा रिपोर्टात ‘ट्यूमर’ हा शब्द आला. घरातल्या एका शिकलेल्या पोराने तो मोठ्याने वाचला आणि त्या रात्री घरात चूल पेटली नाही. मुलाचे जमत आलेले लग्न थांबले. तो कर्करोग नव्हता. पहिल्याच वेळी गाठीचे खरे नाव कागदावर आले असते तर दर वर्षी एक्सरे झाला असता, गाठ वाटाण्याएवढी असताना सापडली असती, आणि दुसऱ्या वेळी जबड्याचा एवढा भाग खरवडावा लागला नसता.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की या आजारात ऑपरेशनइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे ती छोटी बाटली, जिच्यात काढलेली गाठ प्रयोगशाळेत जाते. बाटलीत फॉर्मालिन असावे, सलाइन नव्हे, आणि ते तुकड्याच्या दहापट तरी असावे. नाहीतर पेशी कुजतात आणि अहवालात काहीच कळत नाही. शक्य तितके सगळे अस्तर पाठवावे. गाठीत जंतूंचा दाह झालेला असेल तर त्या जागेचे अस्तर आपली ओळख हरवून बसते. नेमका तेवढाच तुकडा गेला तर केराटोसिस्टही साधी गाठ म्हणून खपून जाते.

एक्सरेवरूनच सगळे कळत नाही का, असे मला लोक विचारतात. एक्सरेने फार मोठे काम केले हे खरे. सुश्रुतसंहितेत तोंडाचे पासष्ट रोग मोजले आहेत, आणि शेवटच्या दाढेजवळच्या सुजेला अधिमांस म्हटले आहे. पण ती फार दुखणारी, लाळ गाळणारी सूज, म्हणजे अक्कलदाढेवरच्या हिरडीची असावी. हाडातली मुकी गाठ न कापता दिसायला रोंटगेन यांचा १८९५ चा शोध लागला. तो जाहीर झाल्यावर दोनच आठवड्यांत, जानेवारी १८९६ मध्ये, जर्मनीतले दंतवैद्य ओटो वॉल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचा एक्सरे काढला. त्यासाठी त्यांना पंचवीस मिनिटे किरणांत बसून राहावे लागले. विसाव्या शतकाच्या मध्याला फिनलंडच्या पातेरो यांनी यंत्र डोक्याभोवती फिरवून दोन्ही जबडे एकाच पट्टीवर आणायची युक्ती पक्की केली. तीच आजची ओपीजी. काही सेकंदांत ती निघते, आणि दात मोजायला, दडलेला दात शोधायला, गाठ कुठून कुठवर आहे हे बघायला तिच्याएवढे सोयीचे साधन नाही. गाठ मोठी असेल तर सीबीसीटी नावाचा जबड्याचा स्कॅन काढतात. त्यात नस आणि गाठ यांतले अंतर मोजता येते.

पण एक्सरे म्हणजे सावली. सावलीवरून आकार कळतो, जात कळेलच असे नाही. साबणाच्या फुग्यांसारखे एकाला एक चिकटलेले काळे गोल केराटोसिस्टमध्येही दिसतात आणि अमेलोब्लास्टोमातही. अमेलोब्लास्टोमा हे खरे अर्बुद. ते सहसा शरीरात दूर पसरत नाही, पण जबडा खात जाते, आणि त्यासाठी पुष्कळदा जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. त्याचा एक प्रकार तरुणांत होतो आणि एकाच गोल पोकळीच्या रूपात येतो. कधी न उगवलेल्या दाताभोवतीच बसतो, हुबेहूब डेंटिजेरस सिस्टचे सोंग घेऊन. ते सोंग फक्त सूक्ष्मदर्शकाखाली उतरते.

उलट फसवणूकही होते. खालच्या जबड्याच्या कोनाजवळ, नसेच्या नलिकेच्या खाली एक लंबगोल काळा डाग दिसतो, आणि ती गाठ नसतेच. लाळग्रंथी टेकण्यासाठी हाडाला आतून पडलेला तो खळगा असतो. एडवर्ड स्टाफ्नी यांनी १९४२ मध्ये असे पस्तीस खळगे वर्णन केले. त्याला काही करायचे नसते. कुमारवयातल्या मुलांच्या खालच्या जबड्यात दातांच्या मुळांमधून वर चढलेली एक पोकळी सापडते. उघडून पाहावे तर आत अस्तर नाही, बहुधा काहीच नाही. नाव तिचेही सिस्ट, पण ती उघडली, थोडे रक्त भरू दिले की हाड भरून येते. वरच्या जबड्यात पुढच्या दोन दातांच्या मागे बदामाच्या आकाराची पोकळी असते, ती दातांपासून नव्हे तर गर्भावस्थेतल्या एका नलिकेपासून झालेली. अशा रुग्णाला कधी कधी तोंडात खारट चव लागते. तिथले पुढचे दात जिवंत असतात. हे न तपासता त्यांची रूट कॅनाल करून मोकळे होणारेही आहेत. म्हणून दाताची नस जिवंत आहे की नाही, हे गार वस्तू किंवा विजेचा बारीक झटका लावून पाहणे हा निदानाचा भाग आहे, वेळकाढूपणा नव्हे.

एक तपासणी मात्र जीव वाचवणारी आहे आणि तिला दोन मिनिटे लागतात. गाठ उघडण्याआधी जाड सुई घालून आतले ओढून पाहणे. पेंढ्याच्या रंगाचे पाणी आले, त्यात अभ्रकासारखे चमकणारे कोलेस्टेरॉलचे कण दिसले, तर सिस्ट. लगदा आला तर केराटोसिस्टचा संशय. काहीच आले नाही तर भरीव अर्बुद असू शकते. आणि सुईत तांबडेभडक रक्त जोराने चढले तर तिथेच थांबायचे. ते हाडातल्या रक्तवाहिन्यांचे जाळे असू शकते. अशा जागचा हलणारा दात नुसता ओढला तरी रक्त थांबवणे अवघड जाते, आणि त्यात रुग्ण दगावले आहेत. बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला दात काढून देणाऱ्यांपुढे तोंड उघडू नये, याला एवढे एक कारणही पुरे.

उपचाराच्या दोन जुन्या वाटा ब्रेस्लाऊच्या कार्ल पार्श यांनी घालून दिल्या. आज ते शहर पोलंडमध्ये आहे. गाठ अस्तरासकट सोलून काढायची, ही एक वाट. दुसरी त्यांनी १८९२ मध्ये मांडली : गाठीला तोंडाच्या बाजूने खिडकी पाडायची, कड हिरडीला शिवून टाकायची आणि थांबायचे. दाब गेला की गाठीचा जोर जातो, हाड मागून भरत येते आणि पोकळी महिन्यामहिन्याने उथळ होते. रुग्णाला रोज पिचकारीने ती धुवावी लागते, आणि घरचे कंटाळतात. पण दहा-बारा वर्षांच्या मुलात या वाटेची कमाई मोठी असते. गाठीत अडकलेला दात कित्येकदा आपोआप खाली येऊन ओळीत बसतो. जो दात ऑपरेशनमध्ये काढून फेकला गेला असता तो पुढे पन्नास वर्षे चावतो. केराटोसिस्ट सोलल्यानंतर उरलेल्या हाडाला कार्नोय यांचे द्रावण लावतात, म्हणजे मागे राहिलेल्या पेशी जळतात. कार्नोय हे बेल्जियमचे जीवशास्त्रज्ञ. त्यांनी ते पेशी टिकवून पाहण्यासाठी बनवले होते, रोग्यासाठी नव्हे. मूळ मिश्रणातले क्लोरोफॉर्म आता अनेक ठिकाणी वगळतात.

केराटोसिस्टबद्दल आणखी एक. एकाच माणसाला, आणि तेही लहान वयात, अशा दोन-चार गाठी निघाल्या तर तो गॉर्लिन सिंड्रोम नावाचा आनुवंशिक आजार असू शकतो. गॉर्लिन आणि गोल्ट्झ यांनी तो १९६० मध्ये मांडला. त्यात बरगड्या दुभंगलेल्या असतात, तळहातावर बारीक खळगे असतात, आणि गोऱ्या कातडीच्या लोकांत त्वचेचे कर्करोग फार होतात. सावळ्या कातडीत ते कमी दिसतात, म्हणून आपल्याकडे जबड्यातली गाठ हीच या आजाराची पहिली खूण ठरू शकते. अशा वेळी भावंडांचीही ओपीजी काढावी.

आता खर्र्याकडे येतो. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेल्या या पुडीने पूर्व विदर्भाचे काय केले ते सांगायला दुसरा लेख लागेल. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, खर्रा पानठेल्यावर घोटला जातच राहिला. खर्र्यामुळे सिस्ट होत नाही. पण खर्रा खाणाऱ्याला सिस्ट झाली तर दोन अडचणी उभ्या राहतात. सुपारीने गालाच्या आतले आवरण ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का, हे कोणीही पाहावे. ज्याची दोनही जात नाहीत त्याच्या अक्कलदाढेमागची गाठ डॉक्टरांना नीट दिसत नाही, आणि भूल देताना श्वासाची नळी नाकातून दुर्बिणीने घालावी लागते. दुसरी अडचण भीतीची. ‘आपल्याला तोच झाला’ असे धरून माणूस घरी बसतो. कर्करोगाची लक्षणे बहुधा वेगळी असतात. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, अचानक बधिर झालेला खालचा ओठ, कीड नसताना सैल झालेले दात, दात काढलेली जागा भरण्याऐवजी तिथून मांस वाढणे, महिन्याभरात दिसण्याजोगी वाढलेली सूज. यांतले एकही दिसले तर तारीख पाहत बसू नये. आणि यांतले काहीच नसून वर्षभर सूज असेल, तर ती साधी असण्याची शक्यता बरीच आहे. दाखवायला जाण्याचे ते आणखी एक कारण.

जायचे कुठे? भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दंत विभाग आहे. पहिला एक्सरे आणि पुढची चिठ्ठी तिथून मिळते. मोठी गाठ असेल तर नागपूरच्या मेडिकल चौकातले शासकीय दंत महाविद्यालय, १९६८ सालचे, किंवा वर्ध्याजवळ सावंगीचे शरद पवार दंत महाविद्यालय. तिथे मुखशल्यचिकित्सा आणि मुखरोगनिदान असे वेगवेगळे विभाग एकाच आवारात असतात, म्हणजे बाटलीला गाव ओलांडावे लागत नाही. ऑपरेशन महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारावे; नंतर विचारून उपयोग होत नाही. एका दिवसात काम होणार नाही हे धरून निघावे. धान कापणीच्या दिवसांत आमच्याकडून कोणी जात नाही आणि जे जातात ते दुसऱ्या खेपेला येत नाहीत, ही तक्रार मी तिथल्या विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकली आहे.

रिपोर्ट हातात आल्यावर वरच्या कोपऱ्यातला क्रमांक आधी पाहावा. काढलेली गाठ मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बंद करून त्या क्रमांकाने प्रयोगशाळेत ठेवलेली असते. काचेवरचे काप त्या ठोकळ्यातूनच काढतात आणि पुन्हा लागले तर नवे काढता येतात. २००५ ते २०१७ या काळातला ‘केराटोसिस्टिक ओडोंटोजेनिक ट्यूमर’ असा रिपोर्ट कोणाच्या घरी असेल तर आजच्या भाषेत तो केराटोसिस्टच आहे. गाठ परत येण्याचे प्रमाण पहिल्या पाच वर्षांत जास्त असते, पण त्यानंतरही ती आलेली आहे, म्हणून ओपीजी दर वर्षी आणि बरीच वर्षे काढावी लागते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर नुसता कागद नेऊन भागत नाही. ठोकळा किंवा काच मागावी लागते, आणि रुग्णाने लेखी अर्ज केला तर प्रयोगशाळा ती देते. आम्ही त्या मुलाची मागितली होती. पोस्टकार्डाच्या चौथाईएवढी काच, रुमालात गुंडाळून एसटीने आणली.